पाहुणा निघाला

भोंग्याने दार ठोठावलं तेव्हा पाहुणा जमिनीवर बसून कपबश्या जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळत होता. वर्तमानपत्रं त्याचीच होती. त्यातला जवळजवळ प्रत्येक लेख भोंग्याने कधी ना कधी कॅमेऱ्यासमोर टराटरा फाडला होता.

भोंगा म्हणजे वृत्तवाहिनीचा निवेदक. रोज रात्री नऊ वाजता 'जगाला जाब' नावाच्या कार्यक्रमात तो घसा ताणून ओरडायचा, म्हणून लोकांनी प्रेमाने ठेवलेलं नाव. पाहुणा म्हणजे एका परदेशी वर्तमानपत्राचा वार्ताहर. ते नाव भोंग्याने ठेवलेलं, आणि त्यात प्रेम अजिबात नव्हतं. कार्यक्रमाचा साचा ठरलेला होता. परदेशी माध्यमांना आम्ही काडीची किंमत देत नाही, असं भोंगा सुरुवातीलाच ठणकावून सांगायचा. मग पाऊण तास पाहुण्याने आपल्या देशाबद्दल काय लिहिलंय तेच वाचून दाखवायचा. शेवटी उभं राहून एकच गर्जना: "पाहुण्या, परत जा!" घराघरांत आजोबा-नातवंडं एका सुरात ओरडायची, आणि मगच ताटं वाढली जायची.

चार वर्षांनी पाहुण्याने ऐकलं.

आजच दुपारी संपादकांनी भोंग्याला केबिनमध्ये बोलावलं होतं. "तो चाललाय. आपल्याला नावं ठेवणारा दुसरा कोणी आहे का तुझ्याकडे?" भोंग्याने बरंच डोकं खाजवलं. बाकीची परदेशी वर्तमानपत्रं देशाबद्दल चांगलंही लिहीत नव्हती आणि वाईटही. "मग सोमवारपासून नऊ वाजता बागकाम," संपादक म्हणाले. "कुंड्या वगैरे. तुला करायचं असेल तर कर. पण रोपांवर ओरडता येणार नाही."

म्हणून भोंगा आज पाहुण्याच्या दारात उभा होता.

"साहेब, तुम्ही निघालात म्हणे?"

पाहुणा इथली भाषा पुस्तकांतून शिकला होता. "आपल्या विनंतीस मान देऊन," तो म्हणाला. "आत यावे. खुर्च्या गेल्या. खोक्यावर बसावे."

"अहो, ते मनावर नाही घ्यायचं. कार्यक्रमात तसं बोलावं लागतं."

"मी मनावर घेतलेच नाही. आमच्या कार्यालयाचा निर्णय आहे. आपल्या देशाविषयी कोणास औत्सुक्य उरले नाही, असे ते म्हणतात. मला शेजारच्या देशात धाडत आहेत. तेथील परिस्थिती अधिक वाईट आहे म्हणे."

भोंग्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. या माणसाने देशाला आजवर काय काय म्हटलं होतं, पण असा अपमान कधी केला नव्हता. म्हणे शेजारचा देश! त्यांचं कौतुक कोणी केलं तर एक वेळ चालेल, पण वाईटपणातही पहिला नंबर त्यांचा?

"त्यांच्याकडे असं काय वाईट आहे, जे आमच्याकडे नाही?"

"तेथे एक पूल कोसळला."

"एकच? आमचा तर फीत कापायच्या आधी पडला. मंत्री कात्री घेऊन उभेच!"

पाहुण्याने हातातली बशी खाली ठेवली आणि खिशात पेन चाचपलं. "तेथील परराष्ट्रमंत्री कोणाशीच बोलत नाहीत."

"आमचे सगळ्यांशी बोलतात! दोन देशांची आपसात जुंपलीय. आमचे सकाळी एकाला जिवलग मित्र म्हणतात, संध्याकाळी दुसऱ्याला. भाषण तेच. परवा तर देशाचं नाव बदलायचंच राहून गेलं. मेजवानी याची आणि जयजयकार त्याचा! मी त्याला मुत्सद्देगिरीचा कळस म्हणालो. तोही तासभर."

"तेथील वृत्तवाहिन्यांवर सरकारचे दडपण आहे."

"दडपण?" भोंगा हसला. "आमच्यावर कोणी दडपण आणत नाही हो. लागतच नाही. फोन वाजायच्या आधीच आम्ही उठून उभे राहतो."

एवढं बोलून तो खोक्यावर बसला आणि खालच्या आवाजात पुन्हा सुरू झाला. कुठलं धरण फुटलं तेव्हा कॅमेरा पाठवलाच नाही, आणि त्या रात्री आपण पाहुण्याच्या टोपीवर कसा कार्यक्रम केला, तेही त्याने सांगितलं. त्या धरणाखालच्या गावात त्याची सख्खी मावशी राहायची. तिने फोन करून विचारलं होतं, "अरे, आमचं कधी दाखवणार?" त्याने फोन कापला होता. चार वर्षांत तो पहिल्यांदाच न ओरडता बोलत होता. त्याला लाज वाटत होती, आणि बरंही वाटत होतं.

पाहुणा खोक्याच्या झाकणावर भराभर लिहीत होता. "हे छापू?"

"छापा. फक्त त्या शेजाऱ्यांकडे जाऊ नका म्हणजे झालं." दारापर्यंत गेलेला भोंगा मागे वळला. "आणि माझं नाव नको."

लेख पहिल्या पानावर आला. बदली रद्द झाली. कपबश्या फडताळात परतल्या आणि बागकाम दुपारी दीडवर गेलं. संपादकांनी भोंग्याच्या पाठीवर अशी थाप मारली की त्याला ठसकाच लागला.

नऊच्या ठोक्याला भोंगा मंचावर चढला. त्याने लेखातला पूल वाचला, मेजवानी वाचली. धरण वाचताना जरा अडखळला, पण लगेच सावरला. "हे सगळं म्हणे एका जाणकाराने सांगितलं! नाव न सांगण्याच्या अटीवर! कोण आहे हा जाणकार? घरभेदी कुठला!" समोर बसलेल्या प्रेक्षकांनी टाळ्या पिटल्या. कॅमेऱ्याखालच्या पडद्यावर त्याने वाचायची पुढची ओळ आली, 'पाहुण्या, परत जा!' घराघरांत आजोबा-नातवंडं तोंड उघडून तयारच होती.

भोंग्याने ती ओळ सोडून दिली. मग कॅमेऱ्याकडे बघून, खोक्यावर बसून बोलला होता तसल्याच आवाजात म्हणाला,

"हे खरं असेल, तर तो माणूस इथे कॅमेऱ्यासमोर येऊन का बोलत नाही?"