बाळाला काय झालंय?

"बाळ दूध ओढत नाही," पंकजानं दारातच सांगून टाकलं.

आरोग्य केंद्राची नर्स वाणी तीन पायऱ्या चढून खांबाला टेकली होती. मेलकावेरीतल्या या घरी तिनं आठवड्यातून एकदा यायचं ठरलं होतं. प्रत्यक्षात दर दोन दिवसांनी यांचा फोन वाजायचा. बाळ शिंकतं, बाळ कुंथतं, बाळ भिंतीकडेच बघतं. बाळंतीण मधुमिता माहेरी आलेली, पहिलटकरीण. तिची आई पंकजा आणि वडील विजयराघव तर तिच्याहून घाबरट.

"बघू," वाणी म्हणाली.

साडीच्या झोळीत बाळ गाढ झोपलं होतं. बाळसं असं धरलेलं की मान शोधावी लागत होती.

"हे दूध ओढत नाही?"

"आत्ता झोपलंय. उठलं की कळेल, तोवर बसा." पंकजानं खुर्ची पंख्याखाली सरकवली आणि पुढे स्टूल ठेवलं. "पाय वर घेऊन बसा, नाहीतर झोळीला धक्का लागतो."

वाणी बसली, पण तिचं मन काही बसेना. आज ती इथल्या भेटी बंद करायला आली होती. बाळ दीड महिन्याचं झालं, ठरलेल्या भेटी संपल्या. एवढं शिकवूनही हे घर शहाणं झालं नाही, म्हणजे खोट आपल्याच शिकवण्यात असणार, असं तिला बोचत होतं. केंद्रावरच्या डॉक्टरीणबाईंनीही कालच विचारलं होतं, त्या एकाच घरी तुझा एवढा वेळ का जातो?

"मामी, आजची भेट शेवटची."

पंकजाचं तोंड उतरलं. विजयराघवनी पेपर खाली ठेवला. वाणीशी ही मंडळी तमिळ बोलत. आपसात मात्र त्यांची तंजावरची जुनी मराठी चाले, आणि त्यातलं वाणीला ओ की ठो कळत नसे.

"मधू, तुज कांहीं दुखत नाहीं कां?" पंकजानं लेकीला विचारलं.

"पाठ," मधुमिता म्हणाली, आणि तेच वाणीला तमिळमध्ये कण्हत सांगितलं.

वाणीनं रक्तदाबाचं यंत्र काढलं.

"मागच्या खेपेला यानं भलताच आकडा दाखवला," विजयराघव म्हणाले. "आधी तुमच्या हाताला लावून बघा, मग पोरीला."

वाणीनं हसून पट्टा स्वतःच्या दंडाला बांधला. विजयराघवनी चष्मा लावून आकडा मोठ्यानं वाचला आणि यंत्र चांगलं आहे असा निकाल दिला. मधुमिताच्या आकड्याकडे मात्र त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

मग पथ्याची तपासणी. अगदी पहिल्या दिवशी वाणीनं इथली कॉफी नाकारली होती. ड्यूटीवर आम्ही लोकांच्या घरी काही घेत नाही, असं तिनं ठणकावून सांगितलं होतं. तेव्हापासून तिला कुणी आग्रह केला नव्हता. फक्त बाळंतिणीच्या जेवणाची चव तेवढी तिला घ्यावी लागे. आजही पंकजानं तूप-भात, सांबार, दुधीची भाजी असं ताट आणलं.

"एका घासात कळतं, मामी."

"एका घासात मीठ कळतं. जड आहे की हलकं, ते ताट संपल्यावर कळतं."

या बाईशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. वाणीनं ताट संपवलं.

"कुशीवर झोपून कसं पाजायचं, ते मी विसरले," मधुमिता म्हणाली. "तुम्हीच एकदा पडून दाखवा ना."

हे तिला चारदा शिकवून झालं होतं. वाणी गादीवर डाव्या कुशीला कलंडली. "हात असा उशीखाली..." एवढं बोलेपर्यंत तिचा डोळा लागला. जाग आली तेव्हा उन्हं कलली होती आणि अंगावर पांघरूण होतं. ती शरमेनं कानकोंडी झाली.

"मी ड्यूटीवर झोपले?"

"पाच मिनिटं," पंकजा म्हणाली.

निघताना पंकजानं एक हिरवी काचेची बांगडी तिच्या हातात चढवून पाहिली. "मधूला घ्यायच्या आहेत. तिचे हात सुजलेत, माप तुमचं घेते."

बाळ काही उठलं नाही, त्यामुळे तक्रारीचा निकालही लागला नाही. "गुरुवारी येते," वाणी हात टेकून उठत म्हणाली. "पण तेव्हा खरंच शेवटचं. मलाही घरी जाऊन सगळं एकटीनंच करायचं असतं."

"मी दारासुरमला विणकराकडे साडी बघायला निघालोच आहे," विजयराघव गाडीची किल्ली घेत म्हणाले. "तुमच्या घरावरूनच रस्ता." महिनाभर ते साडी बघत होते. अजून एकही पसंत पडली नव्हती.

गाडी परत आली तेव्हा बाळ मधुमिताच्या मांडीवर चपाचप दूध पीत होतं.

"दारापर्यंत सोडलें कीं?" पंकजानं विचारलं.

"कुलूप मीच काढलें. पंखा लावून, पाणी भरून ठेवून आलों. तिचा नवरा सिंगापुरांतून दिवाळीपर्यंत येत नाहीं म्हणे."

"आज तिचा दाब बरा निघाला," मधुमिता म्हणाली. "पायांची सूजही कमी होती."

विजयराघवनी किल्ली खिळ्याला अडकवली. "गुरुवारीं बाळाला काय होणार, तें आत्तांच ठरवा. मागें मी शिंका म्हणालों, तूं खोकला म्हणालीस, पकडलेच जात होतों."

"फार रडतें म्हणूं," मधुमिता म्हणाली.

"तसें नको, धांवत येईल ती," हिरव्या बांगड्या ताटात रचत पंकजा म्हणाली. "सावकाश ये म्हणावें, सातवा महिना लागला आहे तिला. आणि शेजारच्या बायकांना आधींच बोलावून ठेव. आई नसलेल्या पोरीला बांगड्या भरायला आपल्याविना कोण आहे?"