एक 'अ' कमी

"नावं घालू नका, मास्तर," दादासो म्हणाला. "नुसतं लिवा. एक शिपाई आणि एक शिंपी. साताऱ्याचं पोलीस साहेब काय ते वळखतील."

नाथाजी मास्तरांनी टाक दौतीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला. भर दुपार होती, तरी दादासोने दाराला आतून कडी घातली होती.

"नावाशिवाय पत्र?"

"टपालात त्या बंडवाल्यांची माणसं हायत. नाव दिसलं की कागद साताऱ्याला पोचत न्हाई. खाली सही बी नको. न् इंग्रजीतच पायजे. मराठी कागद कारकून वाचतोय, इंग्रजी साहेब सोता फोडतोय."

त्रेचाळीस सालचा फेब्रुवारी होता. वाळवे तालुक्यातल्या उसात किती भूमिगत माणसे राहतात, हे शिरगणतीवाल्यांनाही सांगता आले नसते. शिपाई म्हणजे ज्योतिबा. पलटणीतून रजेवर आला तो परत गेलाच नाही. शिंपी म्हणजे बाजारपेठेतला केरबा; तो लोकांच्या बंड्या शिवी आणि ज्योतिबाच्या टोळीला उसात भाकरी पोचवी. दोघेही मास्तरांचे विद्यार्थी. सापडले तर एकाला फास ठरलेला होता. दुसऱ्याचे साहेबाच्या मर्जीवर.

दादासो हा पलटणीचा पेन्शनवाला. गाव त्याला हवालदार म्हणे. तो हवालदार कधीच नव्हता, पण पितळी बटणांचा कोट बाराही महिने घाली, आणि गावाने बटणांचा मान ठेवला होता.

"आणि मी नाही लिहिलं तर?"

दादासोने मास्तरांच्या शर्टाची बाही दोन बोटांत धरली, उलटवली आणि शिवण निरखली.

"टीप बरी हाय. परवा ज्योतिबाच्या अंगावर असलाच शर्ट व्हता. हेच कापड, न् हात केरबाचा. लांबनं वळखला मी." त्याने बाही सोडली. "एक शिपाई, एक शिंपी न् एक मास्तर, असं बी लिवता येतंय की. लिवणारा दुसरा मिळंल."

आत भांड्यांचा आवाज थांबला. मास्तरांच्या पत्नी बनाबाई ऐकत होत्या.

मास्तर लिहू लागले. छापील अक्षरांत, सावकाश.

बत्तीस वर्षे त्यांनी इंग्रजी शिकवले होते, आणि त्यातली निम्मी एका नियमापायी खर्ची घातली होती. 'अ पोएट अँड टीचर' म्हटले की माणूस एकच; तोच कवी, तोच मास्तर. 'अ पोएट अँड अ टीचर' म्हटले की माणसे दोन. ह्या दुसऱ्या 'अ'पायी ज्योतिबाने इतक्या छड्या खाल्ल्या, की पुढे पलटणीतला मार त्याला सौम्य वाटला.

"थोडं अडलंय," मास्तर म्हणाले. "इंग्रजीत माणसाच्या आधी 'अ' लावतात. शिपायाच्या आधी लावलाय. शिंप्याच्या आधी पुन्हा लावू, की एकातच भागवू?"

"त्यानं काय हुतंय?"

"ऐकायला जरा वेगळं लागतं."

"एकातच भागवा. टपाल निघायची येळ झाली."

मास्तरांनी वाचून दाखवले. "आय सॉ अ सोल्जर ऑफ अवर व्हिलेज अँड टेलर... नाही, थांब." त्यांनी तो कागद फाडला आणि नवा घेतला. "गावाचं नाव वर घालू. आय सॉ अ सोल्जर अँड टेलर विथ द रेबेल्स."

"सोल्जर. टेलर." दादासोने दोन बोटे दुमडली. "दोन्ही आलं." पलटणीत राहून त्याला इंग्रजी शब्द कळत, शब्दांच्या मधले कळत नसे.

वर गावाचे नाव घालून घेऊन त्याने पाकीट स्वतःच चिकटवले आणि तो गेला.

बनाबाई उंबऱ्यात आल्या. "आवं, दोन पोरं दिलीसा तुमी."

"त्यानं सांगितलं तेवढंच लिहिलं. उलट थोडं कमीच."

"कमी म्हंजे किती?"

"एक अक्षर."

चार दिवस त्यांनी मास्तरांचे ताट आदळूनच वाढले. मास्तरांना एकच घोर होता. साहेबाचे व्याकरण कच्चे निघाले तर? गोऱ्यांतही कुणीतरी नापास होतच असणार.

पाचव्या दिवशी, ऐन बाजारात, पोलिसांची लॉरी आली आणि नेमकी केरबाच्या मशिनीसमोर उभी राहिली. केरबाचे पाय पायडलावर थांबले. भाजीवाल्या बायका पाट्या उचलून मागे सरल्या. गर्दीच्या कडेला दादासो बटणे घासून पुसून उभा होता.

फौजदाराने बाजाराला आलेल्या मास्तरांना लॉरीच्या आडोशाला घेतले आणि हळू आवाजात विचारले, "हे बघा जरा. साहेब म्हणतात, ह्यात माणसं दोन न्हाईत, एकच हाय. मला तर दोन दिसत्यात."

मास्तरांनी चष्मा लावून कागद पहिल्यांदाच पाहिल्यासारखा वाचला.

"साहेबांचं बरोबर आहे. माणूस एकच. शिपाईही तोच, शिंपीही तोच."

"असा कोण हाय गावात?"

"मी फक्त व्याकरणाचं सांगू शकतो."

फौजदार केरबासमोर गेला. "पलटणीत व्हतास का रं कवा?"

"न्हाई जी. भरतीला गेलतो. छाती दोन इंच कमी पडली."

फौजदाराने त्याची छाती पाहिली आणि मान डोलावली. मग तो गर्दीकडे वळला.

"मग पलटणीत कोण व्हतं हितं?"

दादासोने दोन माणसे बाजूला सारली आणि टाचा जुळवून सलाम ठोकला. "मी हाय की, साहेब. सोळा वर्षं."

फौजदाराने त्याचा कोट खालपासून वरपर्यंत न्याहाळला.

"कोट नामी हाय, हवालदार. कुणी शिवला?"

दादासोने तुच्छतेने केरबाच्या मशिनीकडे पाहिले आणि मान ताठ केली.

"कुणी म्हंजे? मीच की. पलटणीत सोळा वर्षं कामच त्ये व्हतं माझं."