तिसरं टेबल

"एकोणीस," मास्तरीणबाईंनी पुकारलं.

बाकावरच्या बेकरीवाल्याने हातातला नंबर पाहिला, मग बुटाची नाडी पाहिली आणि शेजारच्या बाईला म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे. मला घाई नाही."

सकाळपासूनचा हा पाचवा. घाई नाही म्हणे! यंदा सरकारने बाहेरून आलेल्या सगळ्यांचेच राहायचे परवाने नव्याने तपासायला काढले होते. कागदात चूक सापडली की माणसाची रवानगी होत होती. फॉर्म भरून देणाऱ्या संस्थेच्या या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, आणि याला घाई नाही. याला तिसरं टेबल पाहिजे होतं. शिवणवालीचं.

पहिल्या टेबलावर निवृत्त वकीलकाका बसायचे, कायदा त्यांना तोंडपाठ. दुसऱ्यावर मास्तरीणबाई. बारा वर्षं त्या लोकांचे फॉर्म भरून देत होत्या. हातातल्या लाल पेनामुळे हे नाव पडलेलं. आणि तिसऱ्यावर ही, कपडे बेतून देणाऱ्या दुकानातून आलेली, गळ्यातली टेपसुद्धा काढायचं सुचत नसलेली. दीड वर्षापूर्वी ती बाईंसमोरच बसली होती. बाईंनी तिचा अकरा पानी फॉर्म एका बैठकीत, एकही खाडाखोड न करता भरून दिला होता. आता तीच डोक्यावर मिऱ्या वाटायला बसली होती.

करते काय एवढं? बाईंचा एक कान सारखा तिकडेच असायचा. "आधी नीट टेका. जेवलात का? धाकटीचा खोकला कसा आहे?" दहा मिनिटं नुसत्या चौकशा, फॉर्म मग. तिच्यासमोर लोक ढसाढसा रडायचे आणि उठताना चक्क हसायचे. बाईंच्या टेबलावर बारा वर्षांत कुणी रडलं नव्हतं. इतके दिवस त्यांना याचा अभिमान होता. आता पोटात दुखायचं.

दुपारी शिवणवालीचे फॉर्म तपासायला आले. बाईंनी ते अधाशासारखे ओढून घेतले आणि तिसऱ्याच पानावर त्यांना हवं ते सापडलं. त्या उठून तिच्या टेबलाशी गेल्या. सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "जन्मतारीख उलटी लिहिलीस. महिना आधी, दिवस नंतर. एवढ्यानेसुद्धा माणूस परत जातो, कळतंय का?"

शिवणवालीचा चेहरा उतरला. "चुकलंच ताई. तुम्ही आहात म्हणून निभतंय माझं."

भांडली असती तर बरं झालं असतं. समोर बसलेल्या म्हातारीने बाईंकडे पाहिलं आणि शिवणवालीचा हात थोपटला. चूक हिची, आणि हात थोपटायचा तोही हिचाच. बाई जागेवर आल्या आणि लाल पेन ठेवायला त्यांनी खण उघडला.

खणात पत्र होतं. त्यांच्याच नावाचं. वीस दिवसांत फॉर्म भरा, नाहीतर परवाना रद्द. सोळा दिवस गेले होते.

हजारभर फॉर्म भरलेल्या बाईंना हा एक भरता येत नव्हता. भिंतीवर त्यांच्याच अक्षरातला नियम होता: आपला फॉर्म आपण भरायचा नाही, घाबरलेल्या माणसाचा हात चुकतो. आपण कुठे घाबरलोय, असं म्हणत काल त्या घरी दार लावून भरायला बसल्याच. तिसऱ्या पानावर स्वतःची जन्मतारीख उलटी लिहिली. फॉर्म फाडून टाकला आणि कुणाला काही बोलल्या नाहीत.

त्यांनी पत्र आणि कोरा फॉर्म उचलला. आपल्या टेबलावर 'बंद' अशी पाटी ठेवली, दाराशी जाऊन सगळ्यांसारखा नंबर घेतला आणि बाकावर येऊन बसल्या. शेजारी बेकरीवाला अजून तसाच बसला होता, हातात तोच एकोणीस नंबर घेऊन.

वकीलकाकांचं टेबल लगेच मोकळं झालं. पुढचा नंबर पुकारायला त्यांनी मान वर केली आणि बाकावर बाईंना पाहून चष्मा काढला. "अहो, तुम्ही? या, या. पाच मिनिटांत उरकून टाकू."

खरं होतं. काकांकडे पाच मिनिटांत झालं असतं, आणि एकही चूक झाली नसती. बाई अर्धवट उठल्या. तिसऱ्या टेबलावर शिवणवाली म्हातारीला विचारत होती, "रात्री झोप लागते का?"

बाई परत खाली बसल्या. पलीकडच्या माणसाला म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढे. मला घाई नाही."

तो माणूस उठून गेला. बाई मांडीवरच्या फॉर्मचा कोपरा दुमडत राहिल्या.

बेकरीवाल्याने त्यांच्याकडे न बघता पाय जरा आवरून घेतले. "तिच्याकडे वेळ लागतो," तो हळूच म्हणाला. "पण बसा."