दवाखान्यात जायचे कपडे

“आधी इस्त्री,” मार्सेलीन म्हणाली. तिचा एक हात छातीवर होता, दुसऱ्या हातात पांढरा ब्लाउज.

“आई, गाडी सुरू करून ठेवलीय. चल ना!” ट्रूडी दारातून ओरडली.

“चुरगळलेल्या कपड्यांत मी तिथं पाऊल ठेवणार नाही.”

ट्रूडीनं निमूटपणे इस्त्री तापवली. वाद घालण्यात अर्थ नव्हता. गेल्या वर्षी एलायजामामा मासे पकडून परतताना भोवळ येऊन पडला होता. पायांत रबरी बूट, अंगभर चिखल, बोलणं अडखळत. शहरातल्या हॉस्पिटलात गोऱ्या नर्सनं त्याला बाकावर बसवलं. ‘उतरली की बघू,’ म्हणाली. जन्मात दारूला न शिवलेला मामा सकाळी त्याच बाकावर गार पडलेला सापडला. तेव्हापासून त्यांच्या क्री आदिवासी वस्तीतलं माणूस लग्नाला जावं तसं दवाखान्यात जाई.

मार्सेलीननं केस विंचरून घट्ट वेणी घातली. फिकट लिपस्टिक लावली. अत्तराची बाटली मात्र बाजूला सारली. “वासच नको कसला. त्यांना निमित्तच हवं असतं.” मग कानांतले क्री धाटणीचे मण्यांचे झुबे उतरवले.

“चेहरासुद्धा इथंच काढून ठेवतेस का?” ट्रूडी म्हणाली.

मार्सेलीन हसली. हसता हसता वाकली आणि टेबलाची कड धरून बराच वेळ तशीच उभी राहिली.

पाऊण तासानं हॉस्पिटल आलं. मार्सेलीननं दारातच कपाळावरचा घाम टिपला. मग ताठ चालत खिडकीपाशी गेली आणि एकेक शब्द सुटा, स्पष्ट उच्चारत म्हणाली, “छातीत दुखतंय. डावा हात जड झालाय. दीड तास होऊन गेला.”

खिडकीमागच्या नर्सनं मान वर केली. तिनं वास घेऊन पाहिला नाही. किती प्यायलात, असंही विचारलं नाही. ट्रूडीचा जीव भांड्यात पडला.

“बसा. नंबर आला की हाक मारते.”

“अहो, नंबर कसला? छातीत दुखतंय तिच्या!”

नर्सनं मार्सेलीनला नखशिखान्त न्याहाळलं. आवाज जराही न चढवता ती म्हणाली, “गुंगीच्या गोळ्या मिळाव्यात म्हणून तुमची माणसं काय काय सोंगं आणतात, आम्हाला रोजचं आहे. खरंच छातीत दुखत असतं, तर इतकं नटायला सुचलं असतं का?”