निरंक

मॅडम जीपमधून उतरल्या तसे इमामनं दोन्ही हात पाठीमागं घेतले. तीन दिवस राखेनं घासूनही नखांतलं काळं ऑइल निघालं नव्हतं. तीस वर्षं लेथवर राबलेली नखं ती, एवढ्यात कशी उजळणार!

उद्योग खात्याच्या प्रियदर्शनी मॅडम मूळच्या कोऱ्हाळे बुद्रुकच्या, शेजारच्याच तालुक्यातल्या. बावड्याच्या भागात कारखाने किती, ते मोजून त्यांना मुंबईला कळवायचं होतं. इमाम व्यापारी संघटनेचा चिटणीस. मागास भागात कारखाना काढणाऱ्याला विक्रीकर माफ करणारा कायदा व्हावा म्हणून चार वर्षं त्यानं अर्ज खरडले, आमदारांच्या ओटीवर ताटकळला, मुंबईच्या एस.टी.त पाठ मोडून घेतली. अर्ज लिहायचा इमामनं, सही अध्यक्षांची. पहिल्या अर्जात त्यानं आपल्या लेथविषयी किती हौसेनं लिहिलं होतं! उत्तरच आलं नाही.

लोक हसायचे. हसेनात का! त्याचा मुलगा तौसिफ पिंपरीत एका खोलीत सात जणांबरोबर राहत होता. कारखाना इथं आला की पोरगं घरी येणार होतं. इमामला दुसरं काही नको होतं.

अखेर विधेयक आलं. इमामनं मसुद्याची प्रत दोनदा वाचली. जिथं एकही कारखाना नाही, त्याच भागाला सवलत.

बावड्यात एक होता. पत्र्याची शेड, आत एक लेथ, इंजिनांच्या सुट्या भागांचं काम. इमामचाच.

वालचंदनगरच्या लिलावातून त्याच्या बापानं आणलेली ती लेथ गेल्या रविवारी अकलूजच्या भंगारवाल्यानं घणानं फोडून टेम्पोत भरली. बायको बिबीजान दारात उभी राहून रडली. इमामनं पाटी उतरवली आणि शेडमध्ये कडबा रचला. त्या रात्री तो जेवला नाही.

“इथं काय असतं?” मॅडमनी नेमकं शेडपाशीच थांबून विचारलं.

“कडबा हाय, मॅडम.”

त्या आत शिरल्या. पेंढ्या बाजूला करून त्यांनी जमिनीवरून बोट फिरवलं. बोट काळं झालं.

“हे ऑइल?”

“ट्रॅक्टर लावायचो पूर्वी.”

“म्हणजे लेथ, वेल्डिंग, काहीच चालत नाही इथं?”

“न्हाय.”

“चाचा, नीट आठवून सांगा.”

बाईंना वास लागला म्हणायचा. पण आता माघार कसली?

“कायबी न्हाय. सारा गाव हिंडून बगा की.”

मॅडमनी सारा गाव पाहिला. मग इमामच्या ओसरीवर बसून त्यांनी कागदावर सावकाश लिहिलं, ‘बावडा: निरंक.’ खाली इमामनं सही केली. छातीवरचा धोंडा उतरला. लेथ गेली तर गेली, पोरगं तर येईल.

बिबीजाननं चहा आणला. तिला राहवेना. “आता कारखाना येनार न्हवं, ताई? आमचा तौसिफ पिंपरीत हाय.”

मॅडमनी कप तसाच खाली ठेवला. “नाही हो, मावशी. विधिमंडळाच्या समितीनं गेल्या महिन्यात अट फिरवली. आता जिथं एक तरी कारखाना चालू आहे, तिथंच सवलत. आधी कळलं तर लोक उसनी मशिनं आणून दाखवतात, म्हणून आम्हाला बोलायची बंदी होती.”

“फिरवली? ती कशापायी?” इमामनं विचारलं.

मॅडमनी फायलीतून एक पिवळा पडलेला कागद काढला. “या अर्जामुळं. समितीत मोठ्यानं वाचला गेला. ‘जिथं एक लेथ चालते, तिथं शिकलेले हात असतात, आणि कारखाना अशाच गावात टिकतो.’ तुमच्याच संघटनेचा आहे, चाचा. म्हणून तर मी सगळ्यात आधी बावड्याला आले. ती लेथ बघायला.”