दुधीचा पहारा

"आज सापडला ना, की संपलाच तो!" मावशीनं हॅलोजनचं बटण दाबलं आणि अंगण असं पांढरंफटक झालं, की भाचीनं डोळ्यांपुढे चक्क भूगोलाची वही धरली.

चोर दुधीचा होता. म्हणजे, मावशीच्या मते. वेलाला रोज संध्याकाळी पांढरी फुलं उमलायची, काहींच्या मागे बोटाएवढा दुधी असायचा, आणि चार दिवसांत तो पिवळा पडून मातीत. रात्री कुणीतरी येऊन नखं लावतं, असं मावशीनं ठरवूनच टाकलं होतं. म्हणून आधी साधा बल्ब, मग मोठा, आणि आता थेट मांडववाल्याकडचा हॅलोजन. दिवसभर शाळेचे गणवेश शिवायचे, रात्री हातात शिवण घेऊन पहारा करायचा.

मावशीचे यजमान, म्हणजे काका, गेले तेव्हा त्यांच्या खिशातल्या काडेपेटीत पाच बिया निघाल्या होत्या. चार रुजल्याच नाहीत. पाचवीचा हा वेल. ह्याच्यावर एक तरी दुधी वाळेपर्यंत टिकला नाही, तर काकांचं वाण संपलं.

"मावशी, इकडे बघ. त्या राखाडी पतंगाकडे."

"बघितलं. सकाळी मलाच झाडायचेत ते."

"अगं, नीट बघ ना!"

पतंग वेलाकडेच निघाला होता. फूल दोन हातांवर राहिलं आणि त्याची पाठ दिव्याकडे कलली, जणू आभाळ तिथेच आहे. मग गरगर, गरगर. काचेवर टप्प. पुन्हा गरगर. आठवडाभर अभ्यासाच्या नावाखाली भाचीनं हेच तर पाहिलं होतं.

"दुधीचं फूल रात्री कशाला उमलतं? तुझं शिवणकाम बघायला? पतंगांसाठी! ते ह्या फुलाचे पराग त्या फुलाला नेऊन लावतात, तेव्हा कुठे दुधी धरतो. तुझे सगळे पाहुणे दिव्यापाशीच अडकलेत. फुलापर्यंत कुणी पोचतच नाही."

"मोठी मास्तरीण झालीस!"

"चोर नाहीये, मावशी. एकच रात्र बंद ठेव."

मावशी दातानं दोरा तोडत राहिली. दोरा केव्हाच तुटला होता.

"बंद केला की ह्यांचा खोकला ऐकू येतो," ती म्हणाली. "वेलाच्या बाजूनं."

  वही बाजूला ठेवून भाची मावशीच्या स्टुलाला टेकून खाली बसली.

"मी आहे ना. आला तर दोघींना ऐकू येईल."

मावशी उठली. बटणावर बोट ठेवून कितीतरी वेळ उभी राहिली. मग तिनं डोळे मिटून ते बंद केलं.

अंधार एकदम अंगावर आला. दिव्याचा तापलेला पत्रा टक् टक् करत निवत गेला. काचेवरचं आपटणं थांबलं. मावशी चाचपडत स्टुलावर येऊन बसली, तेव्हा तिचा हात भाचीच्या हातात होता.

डोळे सरावले तशी फुलं दिसू लागली. सात-आठ पांढरे ठिपके, नुसतेच अंधारात टांगलेले.

त्यातला एक नाहीसा झाला. पुन्हा दिसला. मग शेजारचा नाहीसा झाला.

"कोण आहे?" मावशी कुजबुजली.

"पाहुणे. पतंग आलेत फुलांवर," भाची तिच्या कानाशी म्हणाली.

वारा नव्हता, तरी एक पान हललं. तिसरं फूल गेलं, आलं. चौथं. आणि मग एक मऊ, घाईची फडफड वेलावरून निघून जमिनीलगत त्यांच्याच दिशेनं येऊ लागली.

मावशीनं स्टूल मागे सरकवलं आणि पाय पोटाशी घेतले, काकांना जायला वाट करून द्यावी तसे.