टोटल नऊ

साहेबराव गुरुजींच्या तळहातावर बॉलपेननं लिहिलेला मोबाईल नंबर होता आणि त्यातल्या सातव्या आकड्याच्या जागी नुसता निळा डाग होता. वॉर्डाच्या दारात सॅनिटायझर चोळताना त्यांनीच तो पुसला होता.

"काका, रक्त कुठंय?" रूपाली सिस्टरनं दारातून विचारलं. "डॉक्टर थांबलेत."

रक्ताची पिशवी बर्फाच्या डब्यात होती आणि डबा रिक्षात राहिला होता. आत नुकत्याच बाळंत झालेल्या निशाचा, त्यांच्या लेकीचा, रक्तस्राव थांबत नव्हता. ओ निगेटिव्हची तेवढी एकच पिशवी अख्ख्या शहरात मिळाली होती.

डबा विसरला तो वाद घालण्याच्या नादात. गुलमंडीपासून रिक्षावाल्याचं एकच चाललं होतं, "मास्तर, गाडीच्या नंबरची टोटल नऊ, मोबाईलची बी टोटल नऊ. लई लकी. आजवर साधं पंक्चर नाय झालं." तीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाला ते कसं सहन होणार? शिवाय गुरुजी घाबरले की जास्तच शिकवतात. "अरे, आकड्यांची बेरीज नऊ आली की संख्येला नऊनं भाग जातो. एवढाच तिचा गुण. नशीब कुठून आलं त्यात?" उतरतानाही ते हेच सांगत होते. परत जायला फोन करा म्हणून त्यानं नंबर दिला, तो मोबाईलमध्ये टाकायला चष्मा शोधण्यापेक्षा हातावरच उतरवून घेतला. त्याचं नाव विचारलं नाही. रिक्षाचा नंबर पाहिला नाही.

गुरुजींनी उरलेल्या नऊ आकड्यांची बेरीज केली. पंचेचाळीस. पुन्हा केली. पंचेचाळीसच, म्हणजे चार आणि पाच, टोटल नऊ. म्हणजे पुसलेला आकडा शून्य, नाहीतर नऊ. नऊनं भाग दोन्हीकडं जातो. याच्यापुढं गणित काही सांगत नाही. आणि हेही कधी खरं? तो रिक्षावाला थापा मारत नसेल तर.

त्यांनी शून्य घालून फोन लावला.

"कोण पाहिजे?" पलीकडं एक बाई होती. मागं कांद्याचा लिलाव चालू होता. "नाय हो, हे वैजापूर हाय."

"काका, आता थांबता येणार नाही," सिस्टर म्हणाली.

गुरुजींनी नऊ दाबला. नवसाला आणि मुहूर्ताला जन्मभर हसलेल्या त्या माणसानं मोबाईल क्षणभर कपाळाला लावला. सिस्टर बघत होती, पण त्यांना लाज वाटली नाही. रिंग गेली. पूर्ण वाजून बंद पडली. त्यांनी पुन्हा लावला.

"हां, कौन?"

"टोटल नऊवाले तुम्हीच ना?"

पलीकडून मोठ्यानं हसू आलं. "मास्तर! मानलं ना शेवटी?"

"मानलं, बाबा, मानलं," गुरुजी रडत म्हणाले. "मागं वळून बघ. डबा हाय का तिथं?"